'धीर धरा' म्हणण्याआधी
कोणी दुःखात असलं की लोक सांगतात, 'दुःख ही देवाची परीक्षा, धीर धरा.' मी ख्रिस्ती घरातलाच, पण हे वाक्य मला पचत नाही. 2017 ला बोंडअळीनं आमची यवतमाळकडची चार एकर पऱ्हाटी (कपाशी) गेली. बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. बाबा बोलेनासेच झाले. चर्चचे पाळकसाहेब यायचे, ओसरीवर नुसते बसायचे. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्रही सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर बरे होते (तोंड उघडून त्यालाच दोष द्यायला लागले अन् बिघडलं!). बाबा हळूहळू सावरले. आता गावात कोणाचं वावर बुडालं की तेच चहाचा थर्मास घेऊन त्याच्या ओट्यावर जाऊन बसतात. कोणी विचारलं तरच येशूचं नाव काढतात.