अण्णांच्या वह्या आणि बडोद्याचे ५७७

आत्या: सोमवारी अण्णांचं वर्षश्राद्ध. कपाट आवरायला घेतलंय. स्कोअरच्या १८ वह्या निघाल्या. रद्दीचं नाव कोणी काढू नका.

काका: कोण काढतोय! नेहरू स्टेडियमवर छत्री, थर्मास अन् वही. शेजारचा बोलायला लागला की, "ओव्हर संपू दे भिया."

काकू: मला बघायला आले तेव्हा पहिला प्रश्न, आपल्या इंदूरच्या होळकर टीमनं रणजी किती वेळा जिंकली? मी म्हटलं, दोनदा. "चारदा. ४५-४६, ४७-४८, ५०-५१, ५२-५३. पोहे छान, जीरावण जरा कमी."

मी: सगळ्यात जुन्या वहीत शाळेच्या वहीतलं एक पान चिकटवलंय. मार्च १९४७, बडोद्यातली फायनल. होळकर २०२ ऑलआउट. बडोदे ३ बाद ९१ आणि मग हजारे २८८, गुल महंमद ३१९, चौथ्या विकेटला ५७७ ची भागीदारी. अण्णा तेव्हा नऊ वर्षांचे. ५७७ हा आकडा इतका दाबून लिहिलाय की कागद फाटलाय.

मामाआजोबा: आणि मुलगी सांगून आली तीही बडोद्याचीच! सासुरवाडीला आले की आमचे वडील वाढताना विचारायचे, "जावईबापू, आधी हजारे वाढू की गुल महंमद?" अण्णा निमूट श्रीखंड खायचे. हात धुताना सांगायचे, "४६ च्या फायनलला आम्ही तुम्हाला ३७४ रन्सनी हरवलं होतं."

काका: २००६ मध्ये कोलंबोत संगकारा-जयवर्धनेनं ६२४ ची भागीदारी करून बडोद्याच्या ५७७ चा विश्वविक्रम मोडला, तेव्हा सराफ्यातून किलोभर जिलेबी आली होती. श्रीलंकेचा एवढा आनंद अख्ख्या इंदुरात कुणाला झाला नसेल.

आत्या: आणि आई ताटली सरकवून म्हणाली, "ती तिसऱ्या विकेटची. चौथ्याची अजून आमचीच."

मी: आजही आहे. आत्ताच बघितलं 😄

काकू: शेवटची नोंद २६ जून २०२२. होळकरांच्या जागी पुढे आलेल्या मध्य प्रदेशनं रणजी फायनलला मुंबईला सहा गडी राखून हरवलं. हात थरथरतोय, पण पाटीदार १२२ स्वच्छ लिहिलंय. समासात एवढंच, "५३ नंतर आज."

काका: त्या दिवशी बीपीची गोळी विसरले. आई ओरडलीसुद्धा नाही.

आत्या: आई सांगतेय, वह्या नातवाकडे राहू देत. सत्तेचाळीसचं पान तेवढं सोडवून भावाला द्या, बडोद्याला.

काका: अण्णांना चाललं असतं?

आत्या: म्हणतेय, वहीत झेरॉक्स लावा. ओरिजनल आमचं.

मामाआजोबा: सोमवारी येतोच आहे. प्लॅस्टिकचं फोल्डर आणतो.