मदत हवी आहे: पेगॅससवाली ग्रीक नाणी, टांकसाळ कशी ओळखायची आणि हे नाणं घ्यावं का?

नमस्कार मंडळी,

मी मूळचा पुण्याचा, सध्या नोकरीमुळे जर्मनीत. पुण्यात असताना शिवराया जमवायचो, त्यामुळे एकाच छापाच्या नाण्यांत अक्षराचा, ठिपक्याचा, वेलांटीचा फरक शोधत बसायची डोळ्यांना सवय आहे. इकडे आल्यावर प्राचीन ग्रीक नाण्यांचा नाद लागला. सगळे अथेन्सच्या घुबडाच्या आणि अलेक्झांडरच्या मागे असतात, ती नाणी सुंदर आहेतच, पण मला छोट्या शहरांच्या टांकसाळी जास्त ओढतात, म्हणजे ज्या शहराचं नाव आज कुणाला माहीत नाही त्यांनीसुद्धा इतकी देखणी चांदी पाडली, हे बघूनच भारी वाटतं.

आधी थेसलीतल्या लारिसाचा विचार केला होता (एका बाजूला समोर बघणारा अप्सरेचा चेहरा, दुसरीकडे चरणारा घोडा), मग काळ्या समुद्राकाठच्या इस्त्रोसचा, ज्यावर दोन चेहरे आहेत आणि त्यातला एक उलटा. पण शेवटी मन बसलं ते कॉरिंथ या प्राचीन ग्रीक शहराच्या आणि तिच्या वसाहतींच्या स्टेटरवर, म्हणजे त्यांच्या मोठ्या चांदीच्या नाण्यावर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पुढच्या बाजूला पंखांचा घोडा पेगॅसस, मागे कॉरिंथी शिरस्त्राण घातलेली अथीना. कॉरिंथने हा घोडा इ.स.पू. सहाव्या शतकापासून पाडला आणि पुढे अँब्राकिया (आजचं आर्ता), ल्युकास (आजचं लेफ्काडा), अनाक्टोरिओन, पार वर अल्बानियातलं डिर्राखिओन म्हणजे आजचं डुर्रेस, या सगळ्यांनी तेच चित्र, तेच वजन उचललं. फरक फक्त घोड्याच्या पोटाखालच्या अक्षरात. कॉरिंथचं कोप्पा, अँब्राकियाचं आल्फा, ल्युकासचं लॅम्डा, अनाक्टोरिओनचं आल्फा आणि नी एकात एक गुंफलेलं. इतकी शहरं आणि एकच नाणं, व्यापाऱ्याला सिसिलीत जाऊन धान्य घ्यायचं तर कुठल्याही गावचा घोडा चालायचा, कारण वजन साधारण ८.६ ग्रॅम म्हणजे अथेन्सच्या दोन द्राख्मांइतकं (द्राख्मा म्हणजे ग्रीकांचं छोटं चांदीचं नाणं). सिसिलीत आणि दक्षिण इटलीत या घोड्यांचे ढीगच्या ढीग सापडलेत. इ.स.पू. ३४४ मध्ये कॉरिंथहून सेनापती टिमोलिऑन सिसिलीतल्या सिराक्युजला गेला त्यानंतर तर सिराक्युजनेही स्वतःचा घोडा पाडला.

तर माझा बेत असा की प्रत्येक टांकसाळीचा एक तरी घोडा जमवायचा. घाई नाही.

आता मदत कुठे हवीय ते सांगतो. आमच्या गावात एका नाणेविक्रेत्याकडे एक स्टेटर आहे, त्याने माझ्यासाठी बाजूला ठेवलाय, किंमत ३८० युरो. दुकानात हातात घेऊन नीट बघितला, फोटो काढले, त्याच्याच काट्यावर वजन केलं. ७.६२ ग्रॅम. घोडा डावीकडे उडतोय, पंख टोकदार, पिसांच्या रेषा मोजता येतील इतक्या स्पष्ट. पोटाखाली अक्षर आहे पण त्याचा मधला भाग झिजलाय, विक्रेता म्हणतो लॅम्डा, म्हणजे ल्युकास. मला मात्र भिंगातून दोन तिरक्या काड्यांच्या मधे काहीतरी आडवं असल्यासारखं वाटतं, तसं असेल तर ते आल्फा आणि मग नाणं अँब्राकियाचं. मागे अथीना डावीकडे बघतेय, मानेमागे एक चिन्ह, मला तो हर्मिसचा दंड वाटतो, दोन नाग गुंडाळलेला. कडेला एका जागी मुगाच्या निम्म्याएवढा हिरवा डाग आहे. कागदपत्रं विचारली तर "जुन्या संग्रहातलं आहे" एवढंच उत्तर.

प्रश्न:
अक्षर ल्युकासचं की अँब्राकियाचं हे ठरवायचं कसं? मानेमागच्या चिन्हावरून कळतं का? वजन कमी आहे ते झिजेमुळे समजायचं का? आणि पुढेमागे पुण्याला परतायचं आहे, संग्रह बरोबर नेता येतो का, हे कुणाला माहीत असेल तर तेही सांगा.

फोटो खाली जोडलेत. जाणकारांनी कृपया स्पष्ट लिहा, नाणं खोटं वाटत असेल तर तसं सांगा, वाईट वाटणार नाही.

---

प्रतिसाद: चकतीवाला

फोटो बघितले. अक्षर राहू द्या बाजूला, मला तो हिरवा डाग खटकतोय. चांगल्या चांदीच्या स्टेटरवर कडेला एकाच जागी असा हिरवा डाग म्हणजे आतून तांबं डोकावतंय का हे आधी बघा. डागाचा जवळून फोटो टाका ना, आणि घोड्याच्या मागच्या पायाजवळ जो फोड आल्यासारखा उंचवटा दिसतो त्याचाही.

---

प्रतिसाद: अबोली

तुमचा बेत फार आवडला. हीच नाणी माझाही जीव की प्राण आहेत त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

लॅम्डा की आल्फा हा गोंधळ या नाण्यांत नेहमीचाच आहे, आडवी रेघ बारीक असते आणि ती अगदी घोड्याच्या पोटाच्या सावलीत येते त्यामुळे ठोकताना धातू तिथे नीट भरतच नाही. मानेमागचं चिन्ह मदत करतं पण एकट्या चिन्हावर विसंबू नका. हर्मिसचा दंड ल्युकासच्या स्टेटरवर येतो हे खरं, पण ही चिन्हं काही गावाचं बोधचिन्ह नव्हेत, बहुतेक त्या त्या वेळच्या टांकसाळीच्या अधिकाऱ्याची किंवा त्या खेपेची खूण असावी, त्यामुळे तीच खूण दुसऱ्या गावातही दिसू शकते. काही खुणा मात्र बऱ्यापैकी बोलक्या आहेत, उदा. अँब्राकियावर फिती गुंडाळलेला टोकदार खांब दिसतो, तो तिथल्या अपोलोचा. सिराक्युजचा घोडा ओळखायला सोपा कारण तिथली अथीना सहसा उजवीकडे बघते आणि शहराचं नाव लिहिलेलं असतं.

खरा उपाय म्हणजे साचा जुळवणं. एका साच्यातून कितीतरी नाणी ठोकली जायची, म्हणजे तुमच्या नाण्याचं भावंड कुठेतरी असणारच, आणि त्यातल्या एखाद्यावर अक्षर स्वच्छ उमटलेलं असतं. एसीसर्च या संकेतस्थळावर जुन्या लिलावांचे फोटो फुकट बघता येतात, फक्त किमती बघायला पैसे लागतात. अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहाची ऑनलाइन सूची, मॅन्टिस, पूर्ण मोफत आहे. बर्लिनच्या संग्रहाचाही मोठा भाग ऑनलाइन आहे. जुळवताना चेहरा बघू नका, डोळा फसतो. शिरस्त्राणाची मागची कड मानेवर कुठे येते, चिन्हाचं टोक केसांपासून किती लांब आहे, घोड्याचं पुढचं खूर अक्षराच्या नेमकं कुठे वर येतं, अशी अंतरं बघा. साचा एकच असेल तर ही अंतरं हलत नाहीत.

विक्रीच्या नोंदीत रॅव्हेल किंवा कल्चाटी असे नंबर दिसतील, ते या नाण्यांची सूची करणाऱ्या अभ्यासकांच्या पुस्तकातले. रॅव्हेलचं काम मुख्यतः कॉरिंथवर, वसाहतींसाठी कल्चाटीचं १९९० चं दोन खंडी काम वापरतात. तुमच्या विक्रेत्याने कुठला नंबर दिलाय का? नसेल दिला तर विचारा, तो कुठल्या आधारावर ल्युकास म्हणतो ते कळेल.

---

प्रतिसाद: टेम्सकाठी

चकतीवाला यांच्याशी सहमत. ७.६२ हे झिजेने होणारं वजन नाही हो. तुम्हीच लिहिलंय पिसं मोजता येतील इतकी स्पष्ट आहेत, मग जवळजवळ एक ग्रॅम चांदी गेली कुठून? चांगल्या अवस्थेतला स्टेटर ८.३ ते ८.६ च्या आसपास असतो.

दोन शक्यता आहेत. एक, आजकालचं ओतीव खोटं नाणं. तसं असेल तर कडेला जोड दिसेल किंवा ती जागा कानशीने घासलेली असेल, भिंगातून बारीक बुडबुड्यांचे खड्डे दिसतील आणि तपशील वापरून झिजलेल्या साबणासारखे गुळगुळीत दिसतील. तुमच्या फोटोत असं काही दिसत नाही. दुसरी शक्यता, जुनंच पण मुलाम्याचं, आत तांब्याची चकती आणि वर चांदीचा पत्रा. असले उद्योग त्या काळीही जोरात चालायचे.

घरच्या घरी तपासता येतं. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या, त्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्य करा, नाणं बारीक दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवा पण तळाला किंवा भिंतीला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल त्याने नाण्याच्या वजनाला भागा. शुद्ध चांदीची घनता १०.५, तांब्याची ८.९६. चांगल्या चांदीचं असेल तर तुमच्या नाण्याला काट्यावर ०.७४ च्या जवळपास आकडा यायला हवा. ०.८० च्या वर गेला तर आत तांबं आहे समजा. फरक शतांश ग्रॅमचा असल्यामुळे तीनचारदा करा आणि नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे आधी बोटाने पुसून काढा. एक्सरेच्या यंत्राने तपासलं म्हणून कुणी कागद दाखवला तर तो इथे पुरत नाही, ते यंत्र वरचा थरच वाचतं आणि वरचा थर चांदीचाच आहे.

---

प्रतिसाद: गोदातीर

नाण्यातलं यांच्याइतकं कळत नाही पण भारतात नेण्याबद्दल लिहितो. आपल्याकडे १९७२ चा पुरावशेष आणि कलावस्तूंचा कायदा आहे, त्याप्रमाणे शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं पुरावशेष ठरतं आणि असे पुरावशेष देशाबाहेर नेणं खासगी माणसाला बंद आहे. म्हणजे नेताना कस्टममध्ये बिलासकट नीट जाहीर करा, पण एकदा पुण्यात नेलात की परत जर्मनीत आणून विकेन किंवा लिलावात देईन हे डोक्यातून काढून टाका. आधी ठरवा कायमचं कुठे राहायचं ते.

आणि "जुन्या संग्रहातलं" हे उत्तर मलाही पुरेसं वाटत नाही. ग्रीसचा २००२ चा कायदा, क्रमांक ३०२८, जमिनीतून निघालेल्या प्राचीन वस्तूंवर राज्याचाच हक्क सांगतो. उद्या कुणी विचारलं तर तुमच्या हातात काय? जुन्या लिलावाचं पान, जुनं बिल, संग्राहकाच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी, काहीतरी हवंच. चोरून खणलेल्या जागेचं नुकसान कायमचं असतं. आपल्या नाशिकजवळच्या जोगळटेंभीला १९०६ साली क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली, बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला, आणि ती एकत्र नोंदवली गेली म्हणून तर आपल्याला कोणी कुणाला हरवलं ते नाण्यांवरून कळलं. तीच गुपचूप एकेक करून विकली गेली असती तर नुसती चांदी राहिली असती. (नहपानाच्या नाण्यांवर ग्रीक अक्षरं आहेत बरं का, तुमच्या संग्रहाला घरचा धागा तोच.)

---

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी दुकानात जाऊन आलो. विक्रेता सज्जन आहे, पाण्याची चाचणी करू का विचारलं तर स्वतःच पेला आणून दिला. तीनदा केली, दोनदा ०.८२ आणि एकदा ०.८३. म्हणजे घनता ९.३ च्या आत. हिरव्या डागाचा जवळचा फोटो टाकतोय, भिंगातून तिथे चांदीचा थर कागदासारखा उचललेला दिसतो आणि खाली तपकिरी लाल. मागच्या पायाजवळचा फोडही तसाच, आतून फुगलेला.

एसीसर्चवर बरंच शोधलं, ल्युकासचे आणि अँब्राकियाचे मिळून जितके दंडवाले स्टेटर सापडले त्यातल्या एकाशीही अंतरं जुळत नाहीत. अबोलीताई, तुम्ही म्हणालात तसं खूर आणि अक्षर यांच्यातलं अंतर बघितलं, यात खूर अक्षराच्या बरंच पुढे आहे. नंबर विचारला तर त्याच्याकडे नव्हता, अक्षर बघून ल्युकास लिहिलं म्हणाला.

मग आता हे नाणं नक्की कुठल्या गावचं म्हणायचं? आणि मुलाम्याचं का होईना पण जुनं आहे तर कमी किमतीत घ्यावं का?

---

प्रतिसाद: अबोली

कुठल्याच गावचं म्हणता येणार नाही आणि तुमच्यासाठी हाच मुद्दा महत्त्वाचा आहे. मुलाम्याची नाणी बनवणारे स्वतःचे साचे कोरायचे, समोर असलेल्या खऱ्या नाण्यावरून नक्कल करताना अक्षर अर्धवट समजायचं, कधी एका गावचा घोडा आणि दुसऱ्याची अथीना एकत्र यायची. ते अक्षर लॅम्डा असो की आल्फा, ते फक्त इतकंच सांगतं की नक्कल करणाऱ्यासमोर बहुधा कुठल्या गावचं नाणं होतं. ते ठोकलं कुठे हे त्यातून कळत नाही. तुमचा संग्रह टांकसाळींचा आहे ना, मग यात टांकसाळच नाही. अभ्यास म्हणून असं एखादं जवळ असावं असं मलाही वाटतं, पण ते मुलाम्याचं म्हणून लिहून, त्याच किमतीत, आणि ती किंमत ३८० च्या जवळपासही नसते.

सुरुवात द्राख्मांपासून केलीत तर? कॉरिंथचा स्टेटर तीन द्राख्मांत मोडतो, एक साधारण २.९ ग्रॅमची, घोडा तोच, मागे अथीनेऐवजी अफ्रोडाइटचं समजलं जाणारं मस्तक, आणि तिची केशरचना इतकी निरनिराळी की त्यातच वर्ष जाईल. स्टेटरपेक्षा स्वस्तही पडतात.

---

प्रतिसाद: टेम्सकाठी

+१. आणि विक्रेत्याला आकडे लिहून द्या, म्हणजे तो पाटी बदलेल. पुढचा माणूस पाण्याचा पेला मागेलच असं नाही.

---

धागाकर्ता

आकडे आणि फोटो मेल केलेत, त्याने नाणं काचेतून काढलंय आणि मुलाम्याचं म्हणून नव्याने लिहितो म्हणाला. मी घेत नाहीये.

द्राख्मांचं पटलं. एका लिलावात अँब्राकियाचा एक स्टेटर पण दिसतोय, ८.४७ ग्रॅम, फिती गुंडाळलेला खांब स्पष्ट, आल्फाची आडवी रेघसुद्धा ठळक, आणि १९७० च्या दशकातल्या लिलावात विकला गेल्याची नोंद दिली आहे. त्या जुन्या कॅटलॉगमधलं पान फोटोसकट मागवलंय. पान आलं की इथे टाकतो, जुन्या कृष्णधवल फोटोवरून तेच नाणं आहे की नाही हे चकतीच्या कडेच्या आकारावरून जुळवायला मदत कराल का?

---

प्रतिसाद: चकतीवाला

टाका, बघू. कडेचे तडे आणि ठोकताना चकती जिथे बाहेर सरकलीय ती जागा, या दोन गोष्टी जुळल्या की पुरे. दोन्ही फोटो एकाच आकाराचे करून शेजारी शेजारी लावा, आणि दोन्ही बाजूंचे टाका, एका बाजूवर भरवसा ठेवू नका.