घोस्ट बॉल की हाफ बॉल?

स्नूकर-पूलमध्ये नेम कसा धरायचा या चर्चेत कोणीतरी म्हटलंय, "घोस्ट बॉल सोडून बाकीच्या पद्धती नुसती पोपटपंची"; हे मत मला मुळीच पटत नाही. घोस्ट बॉल म्हणजे रंगीत बॉलला टेकताना पांढरा बॉल जिथे असायला हवा, तिथे एक बॉल आहे अशी कल्पना करून त्याच्या केंद्रावर नेम धरणं. भूमितीच्या दृष्टीने घोस्ट बॉल अचूक आहे, मान्य. पण प्रत्यक्षात नसलेल्या बॉलचं केंद्र दीड मीटरवरून नेमकं धरायचं कसं?

हाफ बॉलला, म्हणजे समोरून पाहता पांढरा बॉल रंगीत बॉलचा अर्धा भाग झाकेल अशा नेमाला, मात्र डोळ्यांना दिसणारा आधार असतो. पांढऱ्याच्या केंद्रातून निघालेली रेषा रंगीत बॉलच्या कडेला भिडवा, तो ३० अंशांत कट होतो, म्हणजे पांढऱ्याच्या रेषेपासून तेवढ्या कोनात जातो. स्नूकरचा ५२.५ मिमीचा बॉल असो वा पूलचा ५७ मिमीचा, कोन तोच. पाऊण बॉलला साधारण १४.५ अंश, पाव बॉलला ४८.५ च्या आसपास. मधले कोन मात्र नजरेनेच भरावे लागतात, आणि ते काम सरावाशिवाय होत नाही.

या चर्चेत थ्रोचा, म्हणजे घर्षणामुळे रंगीत बॉलची दिशा बदलण्याचा, विषय अजून कोणीच काढलेला नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. दोन बॉल घासतात तेव्हा रंगीत बॉल थोडा पांढऱ्याच्या जाण्याच्या दिशेने ओढला जातो, म्हणजे कट कमी होतो. हळू मारलेल्या स्टन शॉटला (धडकेच्या क्षणी पांढरा पुढे-मागे न फिरता नुसता सरकत असतो, अशा शॉटला) हे सगळ्यात जास्त जाणवतं. तीन अंशांचा फरक पडला तरी मीटरभर अंतरावर बॉल ५ सेंमी चुकतो! पद्धत कुठलीही वापरा, अशा शॉटला किंचित पातळच, म्हणजे रंगीत बॉलच्या थोडं अधिक कडेला, मारायला हवं. नवीन मुलांना आधी हे दाखवा, पद्धतींची नावं नंतर.