हॉट रॉडसाठी हात हवेत: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

बी-३०४ :
नमस्कार मंडळी. बेसमेंटमध्ये माझ्या जागेवर ताडपत्रीखाली गाडी आहे, ती सगळ्यांनी पाहिली आहे. १९३१ च्या फोर्ड मॉडेल ए ची बॉडी आणि तिच्यात शेव्हर्लेचं ३५० व्ही-८, म्हणजे ३५० घनइंचाचं, आठ सिलिंडरांचं इंजिन. आम्ही दोघा मित्रांनी मिळून ही हॉट रॉड बांधायला घेतली होती. मित्राची बदली झाली, माझा खांदा आता जड काम करू देत नाही, आणि सगळं ठप्प झालं. गाडी मला विकायची नाही. पैसे देऊन कारागीर लावणं झेपणारं नाही. कुणाला आवड आणि वेळ असेल तर गाडी पूर्ण करायला मदत कराल का?

सी-२०३ :
काका, खूप शुभेच्छा! गाडी रस्त्यावर बघायची आहे.

डी-१०५ :
शुभेच्छा काका 🙏

ए-४०२ :
काका, मला फार आवड आहे, पण कॉलेजच्या बाहेर कधी पाना धरलेला नाही. आणि हॉट रॉड म्हणजे नक्की काय? मॉडिफाय केलेली कुठलीही गाडी?

बी-३०४ :
कुठलीही नाही रे. जुनी गाडी, साधारण १९४८ पर्यंतची. तिचं वजन उतरवायचं आणि आत जोरदार इंजिन बसवायचं. हे सुरू झालं दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तळ्यांवर. मैलोन्‌मैल सपाट, टणक जमीन, तिथे पोरं घरी बांधलेल्या गाड्या घड्याळ लावून पळवायची. १९३२ मध्ये फोर्डने सामान्य माणसाच्या गाडीत व्ही-८ इंजिन दिलं. ताकद ६५ अश्वशक्तीच, पण त्या काळात एवढ्या स्वस्तात व्ही-८ मिळत नव्हतं. पुढे तीच इंजिनं जुन्या मॉडेल ए मध्ये जायला लागली.

ए-७०१ :
यात एक भर घालतो. १९३७ मध्ये तिथे सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन झाली, ती छोट्या छोट्या क्लबांनी एकत्र येऊन. सुट्टीला एकमेकांच्या गाड्यांवर राबणारी पोरं म्हणजे हे क्लब. एकाला वेल्डिंग यायचं, दुसऱ्याला कार्ब्युरेटर. त्यामुळे तुम्ही मदत मागताय ते या छंदाला धरूनच आहे, संकोच करू नका.
पण तुमचा निरोप वाचून कुणी उठून खाली येईल असं मला वाटत नाही. कारण संध्याकाळी सविस्तर लिहितो.

सेक्रेटरी :
काका, उत्साहावर पाणी घालायचं नाही, पण कमिटीच्या वतीने तीन गोष्टी. बेसमेंटमध्ये वेल्डिंग आणि ग्राइंडर चालणार नाही. टाकीत पेट्रोल असेल तर ते आधी काढलं पाहिजे. आणि कुणाला काही लागलं तर जबाबदारी कोणाची, हे लेखी हवं.

बी-३०४ :
टाकी बसवलेलीच नाही, कोरडी आहे. बाकी दोन्ही मान्य.

ए-७०१ :
सेक्रेटरीसाहेबांचं बरोबर आहे. वेल्डिंगची ठिणगी कुठल्या फटीत शिरली हे दिसत नाही, आग कधी कधी काम संपल्यावर बऱ्याच वेळाने धरते. म्हणून वेल्डिंगनंतर निदान तासभर माणूस तिथे बसवून ठेवतात. बेसमेंटमध्ये हे नकोच. आणखी एक, क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर लावलेल्या भागावर वेल्डिंग केलं तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. मदतीला येणारा नवखा माणूस कौतुकाने भाग स्वच्छ करून देतो आणि वेल्डर त्यावर आर्क लावतो. हे दोघांनाही माहीत असायला हवं. ज्या ब्रॅकेट, पट्ट्या जोडायच्या आहेत त्या चासीवर (गाडीच्या सांगाड्यावर) वेल्डिंग करत न बसता मापं घेऊन, सुट्या काढून बाहेर वर्कशॉपमध्ये जोडून आणा. चासीवरच जोडाव्या लागणाऱ्या चार गोष्टी उरतील, त्या गाडी बाहेर नेल्यावर.

डी-१०५ :
काका, मी इलेक्ट्रिकल पॅनेलचं काम करते. गाडीचं वायरिंग कधी केलं नाही, पण वायर ती वायर. वेळ रविवारी सकाळी मिळेल. फक्त मला कळत नाही की नेमकं काय करायचं आहे.

ए-७०१ :
ताईंनी नेमकं बोट ठेवलं. आता सविस्तर लिहितो. मी आयुष्यभर टूलरूममध्ये काम केलं आणि निवृत्तीनंतर जुन्या गाड्यांच्या कामाला हौसेने जात आलो, त्यावरून सांगतो.

"गाडी पूर्ण करायला मदत करा" याला कुणी हो म्हणू शकत नाही. त्यात काम किती, कधी संपणार, मला जमेल का, मधेच सोडलं तर वाईट दिसेल का, यातलं काहीच कळत नाही. माणूस शुभेच्छा देऊन मोकळा होतो, आणि ते त्याचं चुकतही नाही. पण "रविवारी दहा ते एक, पुढच्या दोन चाकांचे ब्रेक पाइप वाकवून बसवायचे आहेत, सामान आणि हत्यारं तयार आहेत, एक माणूस हवा" असं लिहा. याला हो किंवा नाही म्हणता येतं. एका बैठकीत संपेल एवढंच काम मागायचं.

दुसरं, रिस्टोरेशन आणि हॉट रॉड यात मोठा फरक आहे. जशीच्या तशी गाडी उभी करायची असेल तर कंपनीचं मॅन्युअल असतं. नवा माणूस पान उघडून कामाला लागतो. हॉट रॉडमध्ये बॉडी एकाची, इंजिन दुसऱ्याचं, ॲक्सल तिसऱ्याचा, स्टिअरिंग बॉक्स चौथ्याचा. हे सगळं जोडायचं कसं याचं मॅन्युअल फक्त तुमच्या आणि तुमच्या मित्राच्या डोक्यात आहे. ते कागदावर येईपर्यंत मदतनीस हातात पाना घेऊन तुमच्याकडे बघत उभा राहणार. तेव्हा पहिलं काम तुमचंच. कुठला भाग कुठल्या गाडीचा, कुठल्या वर्षाचा, हे वहीत लिहा. नटबोल्ट पिशव्यांत भरून त्यावर जागेचं नाव लिहा. मित्राला व्हिडिओ कॉल लावा आणि गाडीभोवती फिरत तो काय सांगतो ते टिपून घ्या. याला खांदा लागत नाही.

सी-२०३ :
हे लिहिण्याचं काम मी करू शकते. शाळेत प्रयोगशाळा सांभाळली आहे, चिठ्ठ्या लावणं आणि नोंदवही ठेवणं हे माझं रोजचंच होतं. काका सांगतील, मी लिहीन.

बी-३०४ :
काकू, हे फार मोठं काम होईल. मनापासून आभार. मित्राला आजच कळवतो.

ए-४०२ :
काका, आधी रंग मारून घेतला तर? लोकांना दिसायला छान दिसेल, मग मदतीलाही येतील.

ए-७०१ :
रंग सगळ्यात शेवटी. हॉट रॉड आधी उघड्या पत्र्यावर पूर्ण जुळवायची, चालवून बघायची, मग परत सुटी करून रंगवायची. हजार ठिकाणी भोक पाडावं लागतं, ब्रॅकेट हलवावी लागते, आणि रंगवलेल्या पत्र्याला हात लावायची कुणाची छाती होत नाही. कित्येक गाड्या तिथेच अडकतात. शिवाय हार्डनर मिसळून मारायच्या दोन घटकांच्या रंगात आयसोसायनेट ही फुप्फुसांना घातक रसायनं असतात, त्याला बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. बेसमेंटचं आणि हौशी माणसाचं ते काम नाही.

आपल्याकडे क्रम जागेनेच ठरवून दिला आहे. इंजिन पहिल्यांदा सुरू करणं बंद बेसमेंटमध्ये अशक्य आहे, एक्झॉस्टचा धूर जीवघेणा. म्हणजे गाडी उघड्यावर गेली पाहिजे. उघड्यावर जायला रॅम्प चढायचा, आणि रॅम्पवर ब्रेक नसलेली गाडी ढकलायची नाही. म्हणून आधी चाकं आणि ब्रेक, मग स्टिअरिंग, मग इंजिनची तयारी आणि जरुरीपुरतं वायरिंग. "पूर्ण गाडी" हा शब्द सध्या बाजूला ठेवा. "आपल्या ब्रेकवर थांबणारी, ढकलत बाहेर नेता येणारी गाडी" हे पहिलं लक्ष्य ठेवा. तेवढं झालं की बघणाऱ्यालाही दिसतं की काम पुढे सरकतंय, आणि मग माणसं आपणहून विचारायला लागतात.

बी-३०४ :
ब्रेकचं असं आहे : पुढे डिस्क, मागे ड्रम. मास्टर सिलिंडर (पॅडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणारा) पायाखाली, फळीच्या खाली बसवलाय. पाइप राहिलेत.

ए-७०१ :
मग मास्टर सिलिंडर कॅलिपरपेक्षा (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागापेक्षा) खाली आहे का ते मोजा. खाली असेल तर ऑइल मागे ओघळतं आणि पॅडल पहिल्या दाबात खोल जातं. त्यासाठी लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारे रेसिड्युअल व्हॉल्व्ह लागतात, डिस्कला २ पीएसआय दाबाचा, ड्रमला १० चा. अदलाबदल झाली तर डिस्कचे पॅड घासत राहतील.

ए-४०२, तुझ्यासाठी काम सापडलं. ३/१६ इंची ब्रेक पाइपचं तोंड डबल फ्लेअर करायचं असतं. पाइप सरळ कापायचा, आतली-बाहेरची कड साफ करायची, नट आधी पाइपमध्ये ओवायचा, मग पाइप साच्यात धरून तोंड फुलवायचं. पहिल्या दाबात तोंड घंटीसारखं होतं, दुसऱ्या दाबात त्याची कड आत दुमडते. नीट झालं तर दुमड सगळीकडे सारखी दिसते, चीर नाही, एका बाजूला झुकलेली नाही. नखाने फिरवून बघ, खरखर लागली तर कापून टाक आणि परत कर. टाकाऊ तुकड्यांवर हात बसेपर्यंत गाडीचा पाइप हातात घ्यायचा नाही. मी शेजारी बसेन. बसवलेला प्रत्येक जोड मी तपासणार, आणि गाडी रस्त्यावर जाण्याआधी ब्रेक आणि स्टिअरिंग एखाद्या अनुभवी मेकॅनिकलाही दाखवायचं. हे दोन विभाग हौसेवर सोडायचे नाहीत.

ए-४०२ :
मला हे शिकायचंच आहे. शनिवार-रविवार दोन्ही दिवस येतो.

सी-४०१ :
माझा मुलगा नववीत आहे, तोही येतो म्हणतोय. पाठवू का?

ए-७०१ :
जरूर पाठवा. अठरा वर्षांखालच्या मुलांना गाडीखाली जाऊ द्यायचं नाही आणि ग्राइंडर-ड्रिलला हात नाही, एवढा नियम. भाग साफ करणं, मोजणं, फोटो काढणं, काकूंना पिशव्या लावायला मदत, यातही खूप शिकायला मिळतं. आणि मोठ्यांसाठीसुद्धा : नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही. आधी स्टँड, मग गाडीला धक्का देऊन बघायचं, मगच खाली.

सेक्रेटरी :
हे नियम एका कागदावर लिहून पार्किंगच्या खांबाला लावा, म्हणजे कमिटीत विषय सोपा होईल. इजा झाली तर सोसायटीच्या विम्यात काय बसतं तेही मी विचारून घेतो. अग्निशामक सिलिंडर त्या खांबाशी हलवू.

बी-३०४ :
आभार. एक विचारतो. मदतीला येणाऱ्यांना मी पैसे देऊ शकत नाही, मग त्यांच्यासाठी काय करावं?

ए-७०१ :
माणसं पैशासाठी येणार नाहीत, पण खिशातून खर्चही करणार नाहीत. सामान, हातमोजे, चष्मे सगळं तुमचं. दुसऱ्याचं हत्यार आलं तर त्याच दिवशी पुसून परत. माणूस यायच्या आधी त्या दिवसाचं सामान टेबलावर मांडलेलं हवं. अर्धी सकाळ पाना शोधण्यात गेली की पुढच्या वेळी तो येत नाही. ठरलेल्या वेळी थांबा, "आता एवढंच उरलंय" म्हणून ओढत नेऊ नका. आणि वाद झाला तर निर्णय तुमचा, गाडी तुमची आहे. दहा जणांच्या दहा मतांनी बांधलेली गाडी कधी उभी राहत नाही.

वेल्डिंग आणि इंजिनसाठी सोसायटीबाहेरही बघा. जुन्या गाड्यांचे क्लब, निवृत्त फिटर, तंत्रनिकेतनातले शिक्षक. शिक्षकांना मुलांच्या प्रकल्पासाठी खरं काम हवंच असतं. तिथेही हाच नियम : गाडीचे चार बाजूंनी फोटो, आज ती कुठवर आली आहे, आणि एकच नेमकं काम.

डी-१०५ :
इंजिन इतकी वर्षं बंद आहे, तर मी वायरिंग करून सेल्फ मारून बघायचा का?

ए-७०१ :
नाही ताई, सेल्फ शेवटी. आधी स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ ऑइल सोडायचं, मुरू द्यायचं, आणि क्रँकला (इंजिनच्या मुख्य दांड्याला) पाना लावून हाताने हळू फिरवायचं. अडलं तर जोर नाही. मोकळं फिरलं की डिस्ट्रिब्युटरची (प्लगना क्रमाने वीज वाटणाऱ्या भागाची) आणि त्यातल्या फिरत्या रोटरची दिशा खूण करून डिस्ट्रिब्युटर बाहेर काढायचा. ३५० मध्ये ऑइल पंप डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावरच फिरतो, म्हणून त्या भोकातून प्रायमिंगची दांडी घालून ड्रिलने पंप फिरवता येतो. गेजवर प्रेशर चढतं आणि रॉकरपर्यंत (वरच्या, व्हॉल्व्ह दाबणाऱ्या हातांपर्यंत) ऑइल आलेलं डोळ्यांनी दिसतं. मग सेल्फ. प्लगच्या वायरी लावताना सिलिंडरांचा क्रम १-८-४-३-६-५-७-२.
काका, कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) नवी आहे का? फ्लॅट टॅपेटची, म्हणजे सपाट बुडाच्या टॅपेटवर घासत चालणारी, नवी असेल तर पहिल्यांदा सुरू झाल्यावर तिला आयडलवर ठेवायचं नाही, २,००० आरपीएमच्या आसपास वीसेक मिनिटं चालवावी लागते. म्हणजे रेडिएटर, पाणी, एक्झॉस्ट सगळं त्याआधी तयार हवं.

बी-३०४ :
कॅमशाफ्ट नवी, फ्लॅट टॅपेटचीच. हे वहीत पहिल्या पानावर जाईल.
तर निरोप नव्याने लिहितो, बरोबर आहे का बघा :

"रविवारी सकाळी १० ते १, बेसमेंट, माझी पार्किंगची जागा. काम १ : सुट्या भागांच्या पिशव्या आणि नोंदवही, सी-२०३ काकूंबरोबर दोन जण हवेत, अनुभव नको. काम २ : ब्रेक पाइपच्या फ्लेअरिंगचा सराव, ए-७०१ शिकवतील, आणखी एकाला जागा आहे. आग, ठिणगी, रंग काही नाही. हत्यारं आणि सामान माझं. एक वाजता थांबायचं."

ए-७०१ :
उत्तम. असाच टाका.

सी-४०१ :
काम १ ला मी आणि मुलगा.

डी-३०२ :
काम २ ला मी येतो. मोटरसायकल स्वतः उघडतो, पण ब्रेक पाइप कधी केला नाही.

डी-१०५ :
रविवारी मी फ्यूज बॉक्सची जागा बघायला खाली येते. काका, त्याआधी दिवे, पंखा, गेज, सेल्फ, हॉर्न अशी गाडीत वीज लागणाऱ्या प्रत्येक गोष्टीची यादी पाठवा, आणि बॅटरी कुठे ठेवायची ते सांगा. मागे डिकीत असेल तर सेल्फची केबल जाड घ्यावी लागेल.

बी-३०४ :
बॅटरी मागेच आहे ताई. यादी आज रात्री पाठवतो.