मदत हवी आहे: भारत आणि ब्रिटनचा सुवर्णसाठा एकाच आलेखात कसा दाखवावा?

नमस्कार. मी सोलापुरात एका कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. बारावीच्या वर्गासाठी १९९१ पासूनच्या भारत आणि ब्रिटन यांच्या सुवर्णसाठ्याचा आलेख काढायला घेतला आहे आणि दोन ठिकाणी अडलो आहे.

वजनाचे आकडे मला मिळाले आहेत. रिझर्व्ह बँकेकडे बरीच वर्षे ३५७.७५ टन सोने होते; नोव्हेंबर २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून २०० टन सोने सुमारे ६.७ अब्ज डॉलरला घेतल्यावर ते ५५७.७५ टन झाले आणि मार्च २०२५ अखेर ८७९.५८ टनांवर गेले. ब्रिटनने मात्र गॉर्डन ब्राउन अर्थमंत्री असताना, १९९९ ते २००२ या काळात, १७ लिलावांत सुमारे ३९५ टन सोने सरासरी औंसाला २७५ डॉलरच्या आसपास विकले आणि सातशे टनांहून अधिक असलेला साठा ३१० टनांवर आणला. तेव्हापासून तो तेवढाच आहे.

पहिली अडचण किमतीची. हाच आलेख रुपयांत काढला, तर काहीही न खरेदी करणाऱ्या ब्रिटनची रेघही वर चढते, कारण मधल्या काळात सोने महागले आणि रुपया घसरला. म्हणून मुख्य आलेख टनांतच ठेवावा आणि परकीय चलनसाठ्यातील सोन्याचा वाटा वेगळ्या चौकटीत द्यावा, असा माझा कल आहे. तो योग्य आहे का?

दुसरी अडचण १९९१ ची, आणि मला खरी उत्सुकता तिचीच आहे. त्या जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने ४६.९१ टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडे तारण ठेवून सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले आणि ते कर्ज त्याच वर्षी फेडले. (मे महिन्यात स्टेट बँकेमार्फत परत खरेदीच्या अटीवर विकलेले २० टन सोने सरकारने जप्त केलेले होते, त्यामुळे ते या हिशेबात येत नाही.) मी वजा करून रेघ खाली आणली होती. त्यावर सराफाच्या घरातली एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, गहाण आलेल्या पाटल्या आम्ही नाव लिहून वेगळ्या डब्यात ठेवतो, आमच्या मालात कधीच धरत नाही." म्हणजे गहाण ठेवले तरी सोने मूळ मालकाचेच राहते, म्हणून मी रेघ पुन्हा सरळ केली. पण माझे आकडे दर मार्च अखेरचे असल्यामुळे तारण आणि सुटका हे दोन्ही दोन बिंदूंच्या मध्येच घडून जाते, आणि ज्या घटनेने देश हादरला तिची आलेखात खूणही उरत नाही.

तेवढ्याच महिन्यांपुरता रेघेचा काही भाग तुटक काढावा, की खाली टीप द्यावी? तसेच, २०२४ मध्ये लंडनहून सुमारे १०० टन सोने भारतात आणले, ते काही मुलांनी नवी खरेदी म्हणून मोजले. 'मालकी' आणि 'ठेवण्याची जागा' यांचा भेद त्याच कागदावर दाखवण्याची सुटसुटीत पद्धत कोणी वापरली असल्यास कृपया कळवावी. तास पुढच्या सोमवारी आहे.