प्रतिभाताई पुणे विद्यापीठाच्या की जळगावच्या? माजी विद्यार्थ्यांच्या यादीवरून वाद

दप्तरदार
काल इथे 'पुणे विद्यापीठाचे मानबिंदू' नावाची यादी आली. लोकमान्य टिळक, विश्वेश्वरय्या, गोखले, यशवंतराव चव्हाण, प्रतिभाताई पाटील आणि जयंत नारळीकर, सगळे एका ओळीत 'माजी विद्यार्थी व प्राध्यापक' म्हणून. सहा नावांत एकच, प्रतिभाताईंचं, बरोबर आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पुणे विद्यापीठ स्थापन झालं १० फेब्रुवारी १९४९ ला. टिळक डेक्कन कॉलेजातून बी. ए. झाले १८७७ मध्ये. विश्वेश्वरय्या पुण्याच्या सायन्स कॉलेजातून अभियंता होऊन बाहेर पडले १८८३ मध्ये. तेव्हा ही दोन्ही कॉलेजं मुंबई विद्यापीठाखाली होती. गोखल्यांनी तर १८८४ ची बी. ए. मुंबईत एल्फिन्स्टनमधून केली. फर्ग्युसनमध्ये त्यांनी शिकवलं, तेही मुंबई विद्यापीठाच्याच काळात. यशवंतराव १९३८ ला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून बी. ए. झाले, १९४१ ला पुण्यातून एलएल. बी. दोन्ही पदव्या मुंबईच्या.

पदवी कोणाची, हे ज्या विद्यापीठाने दिली त्यावर ठरतं. कॉलेज कुठल्या गावात आहे यावर नाही.

कसबा_पेठ
मुद्दा कागदावर बरोबर, पण विद्यापीठ आभाळातून पडलं नाही. आधीच उभी असलेली कॉलेजं एकत्र आणून ते झालं. डेक्कन कॉलेज १८२१ चं, फर्ग्युसन १८८५ चं. ही परंपरा तोडली तर १९४९ च्या आधी पुण्यात शिक्षणच नव्हतं असं दिसेल. वारसा म्हणून टिळकांचं नाव लावण्यात गैर काय?

दप्तरदार
वारसा कॉलेजचा आहे, त्याने जरूर लावावं. पण आजच्या नकाशाने गेलात तरी तुमचं गणित बसत नाही. डेक्कन कॉलेज १९९० पासून स्वतः अभिमत विद्यापीठ आहे, म्हणजे पदव्या स्वतःच देतं. विश्वेश्वरय्यांचं कॉलेज २०२२ पासून स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. म्हणजे पदवी दिली मुंबईने, कॉलेज आज दुसऱ्याचं, आणि नाव मात्र गणेशखिंडीच्या, म्हणजे पुणे विद्यापीठाच्या यादीत.

कसबा_पेठ
हे मान्य करावं लागेल. विश्वेश्वरय्यांचं नाव काढा. फर्ग्युसनबद्दल मात्र मी हटणार नाही.

खोडद_रोड
टिळकांचं राहू द्या. नारळीकरांना काढायला निघालात? त्यांचं आयुका हे खगोलशास्त्राचं केंद्र विद्यापीठाच्या आवारात आहे. जमीन विद्यापीठाची. तिथे संशोधन करून पुणे विद्यापीठाची पीएचडी मिळवलेले कितीतरी आहेत.

दप्तरदार
आवारात असणं आणि विभाग असणं यात फरक आहे. आयुका १९८८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने आंतरविद्यापीठीय केंद्र म्हणून काढलं, देशातल्या सगळ्या विद्यापीठांसाठी. नारळीकर संस्थापक संचालक, २००३ पर्यंत. त्यांची स्वतःची बी. एस्सी. बनारसची, पुढचं शिक्षण केंब्रिजचं. त्याच आवारातलं रेडिओ खगोल केंद्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं आहे. मग तिथले रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूपही विद्यापीठाचे प्राध्यापक धरणार का?

खोडद_रोड
पीएचडीचा विद्यार्थी विद्यापीठात नोंदवला जातो, त्याचा मार्गदर्शक आयुकातला असतो. मग मार्गदर्शक विद्यापीठाचा कसा नाही? हा भेद फक्त आस्थापना विभागातल्या कारकुनाला कळतो.

संशोधन_कक्ष
कारकुनाला कळतो म्हणून तो खोटा होत नाही. मार्गदर्शक म्हणून विद्यापीठ मान्यता देतं, नेमणूक देत नाही. पगार, सेवापुस्तिका, निवृत्तीवेतन सगळं मूळ संस्थेकडे. म्हणून यादीत दोन वेगळे रकाने हवेत: 'विभागातील अध्यापक' आणि 'मान्यताप्राप्त मार्गदर्शक'. हे न केल्यामुळे डेक्कन कॉलेजची माणसंही विद्यापीठात येऊन पडतात. पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे १९३९ पासून डेक्कन कॉलेजात होते, तेव्हा विद्यापीठ अस्तित्वातही नव्हतं. आणि मान्यताप्राप्त मार्गदर्शक म्हटल्याने कुणाचा अपमान होत नाही.

खोडद_रोड
रकाना करा, पण आयुकाचा उल्लेख ठळक हवा. विद्यापीठाने जागा दिली नसती तर ते केंद्र इथे आलं नसतं.

तापीकाठ
इथे तासभर आयुका चालू आहे आणि मूळ प्रश्न बाजूलाच. दप्तरदारांनी प्रतिभाताईंना 'एकच बरोबर' म्हणून पुण्याला देऊन टाकलं. त्यांनी एम. ए. केलं जळगावच्या मूळजी जेठा कॉलेजात. ते कॉलेज आमच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात आहे. सगळी मोठी नावं पुण्याने ठेवायची आणि आमच्या वाट्याला काय?

दप्तरदार
तुमचं विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० चं. त्यांनी एम. ए. केलं तेव्हा जळगाव पुणे विद्यापीठात होतं, पदवी पुण्याची. टिळकांना जो नियम तोच इथे.

तापीकाठ
तो नियम सोयीचा आहे तुम्हाला. पुण्याच्या हद्दीत आधी पश्चिम महाराष्ट्राचे बारा जिल्हे होते. १९६२ ला शिवाजी विद्यापीठ झालं, १९९० ला आम्ही वेगळे झालो. चाळीस वर्षं खानदेशच्या पोरांनी शिकायचं खानदेशात, शिकवायचं खानदेशच्या मास्तरांनी आणि नाव पुण्याचं? गणेशखिंडीत पाऊल न टाकता पदवीधर झालेले हजारो आहेत.

कसबा_पेठ
अहो, हाच मुद्दा मी फर्ग्युसनसाठी मांडत होतो!

रंकाळा
कोल्हापूरची तीच गत. यशवंतरावांना आमच्याकडे 'शिवाजी विद्यापीठाचे माजी विद्यार्थी' म्हणून सर्रास लिहितात. विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२ ला झालं, त्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या अगदी अखेरच्या दिवसांत. पाठिराखे म्हणून नाव लावा, विद्यार्थी म्हणून नको. सोलापूरकरांचं उलटं आहे. त्यांचं विद्यापीठ २००४ चं, त्याआधीच्या पदव्यांवर शिवाजी विद्यापीठ असतं आणि ते कुणी सांगत नाही.

संशोधन_कक्ष
नाव घालण्याआधी पदवी प्रमाणपत्रावरचं विद्यापीठ बघा. ते नसेल तर पदवीदान समारंभाची पुस्तिका, आणि शेवटी कॉलेजच्या त्या वर्षीच्या अहवालातलं संलग्नीकरण. परीक्षेचं वर्ष आणि पदवीदानाचं वर्ष वेगळं असतं, त्यामुळे १९४९, १९६२, १९९०, २००४ च्या आसपास हमखास चूक होते. डॉक्टरांच्या बाबतीत १९९८ नंतर नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आलं, तेही बघा. आणि २०१४ आधीच्या पदवीवर 'सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ' लिहू नका. तेव्हाचं नाव लिहा, आजचं कंसात.

कुलगुरूंची यादी मात्र वेगळी ठेवा. तिथे रँग्लर परांजपे (१९५६ ते १९५९) येतात, दत्तो वामन पोतदार येतात, पण विद्यार्थी म्हणून नाहीत. पहिले कुलगुरू मु. रा. जयकर, तेही नाहीत. आणि राज्यपाल पदसिद्ध कुलपती असतात म्हणून त्यांची लांबलचक यादी 'विद्यापीठाचे नेते' म्हणून घालणं बंद करा. त्यांची नेमणूक राज्यासाठी असते.

तापीकाठ
ठीक. पण प्रतिभाताईंच्या नोंदीत कॉलेजचं नाव आधी, विद्यापीठ नंतर.

दप्तरदार
तसं करू. 'मूळजी जेठा कॉलेज, जळगाव (तेव्हा पुणे विद्यापीठ)'. तुमच्या विद्यापीठाच्या यादीत नाव घालायचं असेल तर 'स्थापनेपूर्वीच्या विद्यार्थिनी' हे शब्द हवेत, त्यांच्याशिवाय नाही.

कसबा_पेठ
मग फर्ग्युसनच्या जुन्या विद्यार्थ्यांनाही हीच ओळ लावा.

दप्तरदार
लावू. पण टिळक डेक्कनचे आहेत, त्यांच्यासाठी नाही.