वर्षभरात काय काय वाचलंत? ठाणे-नवी मुंबईकरांनो, सांगा

मंडळी, वर्ष संपत आलं. किती पुस्तकं झाली ते नकोय, शंभर वाचली म्हणणाऱ्यांची मला भीतीच वाटते. कुठून सुरू केलंत आणि भरकटत कुठे पोचलात ते लिहा. माझ्यापासून सुरुवात.

जानेवारीत स्टेशनजवळच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाचं कार्ड परत सुरू केलं. 1893 ची संस्था, आणि मी मधली वीस वर्षं तिकडे फिरकलेच नव्हते. हाताला लागलं गोडसे भटजींचं 'माझा प्रवास'. हे भटजी आपल्या पेणजवळच्या वरसईचे, डोक्यावर कर्ज, म्हणून दक्षिणा मिळवायला 1857 मध्ये उत्तरेकडे निघाले आणि नेमके बंडात सापडले, झाशी पडली तेव्हा हा माणूस आत शहरात होता! मला राहून राहून वाटायचं की ठाण्याला रेल्वे 16 एप्रिल 1853 ला आलेली, म्हणजे भटजी निघाले तेव्हा आपल्याकडे गाडी सुरू होऊन चार वर्षं झालेली आणि हे आपले बैलगाडीने नि पायी उत्तरेत. मग रेल्वेचा इतिहास काढला, त्यातून बोरघाट, त्यातून जुने नकाशे. स्वयंपाक दोनदा करपला. भटजींनी कमावलेलं बरंचसं वाटेत लुटलं गेलं, पण गंगेची कावड मात्र घरी आणून आईवडिलांना आंघोळ घातली. ते पान वाचून मी गप्प बसून होते, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.
(नौपाडा)

मी ठरवून वाचलं. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' महिन्यांप्रमाणे आहे ना, म्हणून पाडव्याला चैत्र उघडला, ज्या महिन्यात जो महिना. आषाढापर्यंत शिस्त टिकली. मग ऑफिसचं ऑडिट आलं आणि श्रावण वाचला गणपतीत, तोही वाशी ते सीएसएमटी उभ्याने, एका हातात कडी आणि एका हातात पुस्तक, पान उलटायला नाक वापरलंय मी. फायदा एवढाच झाला की झाडं दिसायला लागली. सोसायटीच्या गेटवर बहावा आहे हे मला आठ वर्षं माहीत नव्हतं, वॉचमनला माहीत होतं! त्यातून पक्ष्यांकडे वळलो, सलीम अलींचं जाडजूड पुस्तक घेतलं, आणि हल्ली रविवारी पहाटे सीवूड्सच्या पाणथळावर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला जातो. बायको म्हणते वाचत होतास तेच बरं होतं, निदान घरी तरी होतास.
(वाशी)

किलोवर पुस्तकं मिळतात त्या प्रदर्शनातून साडेचार किलो आणली. वाचलं पावशेर. पुढे.
(घणसोली)

लिहू की नको करत होतो. माझं या वर्षीचं वाचन म्हणजे बाबांचे रिपोर्ट. क्रिएटिनिन म्हणजे काय, पोटॅशियम वाढलं की काय, नारळपाणी का नाही द्यायचं, सगळं रात्री दोन वाजता मोबाईलवर. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, चार-चार तास. तिथे बाबा कंटाळायचे म्हणून बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वाचून दाखवायला लागलो, झुंजार, काळा पहाड, बाबांच्या पोरवयातलं सगळं. मी आधी हसायचो या पुस्तकांना. तर एकदा मी घाईत दोन पानं एकदम उलटली, बाबा डोळे मिटूनच म्हणाले, "खून कोणी केला ते मला माहितीये रे, तू मधलं नीट वाच." बाजूच्या बेडवरच्या काकू पण म्हणाल्या, हो ना, मोटार कुठे गेली ते सांगितलंच नाही. आता काकूंसाठी आवाज चढवून वाचावं लागतं. आमच्याकडच्या सात पुस्तिका संपल्या, कोणाकडे अजून आहेत का? कळव्यातून कुठेही येऊन घेऊन जाईन.
(कळवा)

कळवेकर, ऐरोलीला आमच्या माळ्यावर झुंजारच्या चारपाच आहेत, पण खरं सांगते, दोघांची शेवटची पानं उंदरांनी खाल्लीयत. चालतील?
(ऐरोली)

पळतील! बाबांना खुनी माहीतच असतो. काकूंना काय सांगायचं ते बघतो. शनिवारी येऊ का?
(कळवा)